आकडा खरा, पण केव्हा?



उरणजवळच्या द्रोणागिरीच्या डोंगरावर गेलात, तर पायथ्याच्या बाजूला जरूर पाहा. समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्रातले खनिज तेल नळांवाटे येथे किनाऱ्यावर येते. त्यासाठी बांधलेल्या मोठमोठ्या गोल टाक्या दिसतील. अशा बंद टाकीत तेल किती आहे, हे कसे कळत असेल?

पूर्वापार रीत म्हणजे वजन लावलेली पोलादी फीत आत सोडणे. आता अनेक ठिकाणी टाकीच्या छतावर रडार बसवतात. ते सूक्ष्मतरंग खाली सोडते. तेलाच्या पृष्ठभागावरून परतायला त्यांना लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर! म्हणून पातळी १ मिलिमीटरने बदलली, तर वेळेतला फरक सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या जेमतेम सातपट असतो. एवढी बारकाई कशाला? ३० मीटर व्यासाच्या टाकीत १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ७०० लिटर तेल, हे गणित तुम्हीच करून पाहा.

अशा यंत्राने दाखवलेला आकडा डोळे मिटून मानावा काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. कारण घरच्या घरी पाहता येईल. उन्हाच्या कवडशात पाण्याने भरलेली परात ठेवा. छतावर प्रकाशाचा ठिपका पडेल. पाणी ढवळा, ठिपका फुटेल. साबणाचा दाट फेस करा, तो जवळजवळ नाहीसा होईल. रडारचेही तसेच होते. तेल जोराने आत येत असेल, तर खळबळलेला पृष्ठभाग तरंग भलतीकडे विखुरतो. दाट फेस ते शोषून घेतो.

शिवाय द्रवाचा स्वभाव वेगळा. पाणी सूक्ष्मतरंगांचा निम्म्याहून अधिक भाग परत पाठवते. खनिज तेलाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे २, म्हणून ते जेमतेम ३ टक्के परतवते. उरलेले तरंग तेलात शिरतात. टाकी रिकामी होत आली, की तळाकडून येणारा संकेत पृष्ठभागाच्या संकेतापेक्षा बलवान ठरू शकतो. आतली शिडी किंवा नळ खोटा संकेत देतात. अँटेनावर वाफेचे थेंब साचले, तर खरा संकेत क्षीण होतो. दाबाखालच्या वायूत तरंग किंचित मंदावतात आणि द्रव आहे त्याहून खाली असल्याचे भासते. हे जाणूनच अभियंते अँटेनाची जागा ठरवतात, तिच्याखाली उभा नळ बसवतात, दुरुस्तीचे गणित मांडतात.

हे केवळ रडारपुरते नाही. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे पेट्रोलची एक टाकी भरत होती. तेथील पातळीमापक वेगळ्या जातीचा होता. पहाटे ३ च्या सुमारास त्याचा आकडा एका जागी थबकला, पेट्रोल मात्र येतच राहिले. धोक्याची सूचना देणारी दुसरी कळही चालली नाही. टाकी ओसंडली, प्रचंड स्फोट झाला आणि ४० हून अधिक माणसे जखमी झाली. टाकी भरत असताना पातळी स्थिर कशी, एवढा एक प्रश्न वेळेवर पडायला हवा होता.

असा प्रश्न पडण्याची सवय आपण शाळेत लावतो काय? प्रात्यक्षिकाचे उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळले, की आपण पूर्ण गुण देतो. शिक्षकांना माझी विनंती आहे, की प्रयोगवहीत ‘निष्कर्षा’खाली आणखी एक ओळ लिहून घ्यावी : हे मापन कोणत्या परिस्थितीत चुकेल, आणि ते दुसऱ्या कोणत्या रीतीने पडताळता येईल? गुण उत्तराला द्यावेत, तसे या ओळीलाही द्यावेत.

आणि मित्रहो, पेट्रोल पंपावर कोणी जमिनीखालच्या टाकीत दांडी बुडवून पातळी पाहताना दिसला, तर त्याला जुनाट म्हणून हसू नका. तो यंत्राच्या आकड्याला साक्षीदार शोधत असतो.