मंडळ्या फोडल्या कोणी, जोडल्या कोणी?

१/ मराठी ख्रिस्ती मूठभर आणि त्यांच्या मंडळ्या मात्र अनेक, तेव्हा हा समाज मूळचाच भांडखोर, असा निवाडा येथे वारंवार दिला जातो. हा निवाडा आळशी आहे. कागदपत्रे वेगळेच सांगतात.

२/ स्कॉटलंड, १८ मे १८४३. गावाचा पाळक जमीनदाराने नेमावा की मंडळीने पसंत करावा, या वादातून सुमारे १२०० पैकी ४५०हून अधिक धर्मोपदेशक थॉमस चामर्स यांच्यासह राष्ट्रीय चर्चमधून बाहेर पडले. घर, वेतन, इमारती यांवर पाणी सोडून त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापले. हा त्याग निःसंशय थोर होता.

३/ पण झळ येथेही पोहोचली. कोलकात्यात अलेक्झांडर डफ यांना स्वतः उभारलेल्या विद्यालयाची वास्तू सोडावी लागली. मुंबईचे जॉन विल्सनही फ्री चर्चमध्ये गेले. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे त्याच चर्चचे पाळक झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसवले. स्कॉटिश जमीनदाराशी त्यांचे काय भांडण होते? काहीच नाही!

४/ नगर जिल्ह्यातही तेच. एकीकडे अमेरिकन मराठी मिशन, दुसरीकडे अँग्लिकनांची एस.पी.जी. आपल्या भागात कोणते मिशन आधी आले, यावरच बहुतेकांचा पंथ ठरला. ही फूट आयात केलेली होती.

५/ मग एकीकरण. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. १९२९ साली सुरू झालेल्या वाटाघाटींतून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांचे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. दक्षिण आशियातील मेथॉडिस्ट मात्र ऐनवेळी बाहेर राहिले.

६/ ‘एकी झाली, वाद मिटले’ हेही खोटे. १९०० साली फ्री चर्चच्या प्रचंड बहुमताने दुसऱ्या चर्चशी ऐक्य केले. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पाच विरुद्ध दोन मतांनी सारी मालमत्ता ऐक्य नाकारणाऱ्या चिमुकल्या गटाला दिली. तोडग्यासाठी १९०५ साली कायदाच करावा लागला. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या खटल्यात २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की नुसत्या ठरावाने विश्वस्त संस्था विलीन होत नाही.

७/ म्हणून मित्रहो, फूट दिसताच स्वभावदोष शोधू नका आणि ऐक्य दिसताच टाळ्या पिटू नका. दोनच प्रश्न विचारा: पाळक कोण निवडतो? जागेचा कागद कोणाच्या नावावर आहे? ज्यांना या दोन्हींत बोलू दिले गेले नाही, त्यांच्यावर फुटीचे खापर फोडणे हा इतिहास नव्हे, अन्याय आहे.