हवा सुतासाठी की माणसासाठी?

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते आणि मागावरचे सुती धागे पटापट तुटू लागतात. धाग्यात ओलावा असला तरच तो ताण सोसतो. म्हणून विणकाम खात्यात सापेक्ष आर्द्रता साधारण 75 ते 85 टक्के ठेवायची पद्धत आहे. मोठ्या, आधुनिक कारखान्यांत हे काम आता संगणक करतो. सेन्सर हवेतला ओलावा मोजतो, नियंत्रक तो ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि पंखे, झडपा, पाण्याचे फवारे आपोआप कमीजास्त करतो.

आपलेच काही इंजिनिअर मित्र म्हणतात, यंत्राला जात कळत नाही. खरे आहे. पण तो आकडा कोण ठरवतो? सेन्सर कुठे टांगायचा, हे कोण ठरवते? तो मागांच्या रांगेत असतो. झाडूवाल्या बाया जिथे बसून डबा खातात, तिथली हवा कोण मोजतो?

इतक्या ओलाव्यात घाम वाळत नाही. सूत सुखात असते आणि माणूस आतून तापत जातो.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई. जास्त पगाराचे खाते त्यामुळे बंद. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कोणी कोणत्या खात्यात श्वास घ्यायचा, हे तेव्हा उघडपणे जात ठरवत होती.

1948 च्या कारखाने कायद्याने कलम 13 मध्ये कामगाराला सोसेल असे तापमान आणि खेळती हवा मागितली. कलम 15 ने कृत्रिम आर्द्रतेची नोंद ठेवण्याचे नियम करायला सांगितले, फवाऱ्याचे पाणीही पिण्याजोगे किंवा शुद्ध केलेले हवे म्हटले. (सुताला शुद्ध पाणी, आणि वस्तीत? असो.) 2020 च्या सुरक्षा व आरोग्य संहितेतही हवा, तापमान, आर्द्रता हे विषय आहेत.

पत्र्याच्या शेडमधल्या यंत्रमागांवर असली यंत्रणाच नसते. तिथली लढाई साध्या खिडकीपासून सुरू होते. जिथे यंत्रणा आहे तिथे मात्र दर मिनिटाचा आकडा साठवलेला असतो, तोही मॅनेजरच्या केबिनमध्ये. युनियनमधल्या आपल्या पोरांनी पुढच्या बैठकीत एवढेच मागावे: तोच पडदा खात्याच्या दारावर लावा, त्यावर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचे तापमानही दाखवा आणि महिन्याची नोंद कामगारांच्या हातात द्या.