कारखाना पाहिजे, पण हजेरीपटासह



तेरखेड्याचं नाव निघालं की पुढारी छाती फुगवून सांगतात, ही आपली महाराष्ट्राची शिवकाशी! वाशी तालुक्यातलं हे गाव येडशीकडून बीडकडं जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. तिथं फटाक्यांचे कारखाने आहेत. दिवाळीच्या तोंडावर मोटारी थांबतात, खोकी भरून माल जातो. मग भाषण ठरलेलं: बघा, दुष्काळी मुलखात उद्योग आला, हाताला काम मिळालं.

या भाषणाला आपण उत्तर दिलं पाहिजे. नुसत्या टाळ्या नकोत, नुसती शिवीही नको.

आधी आपल्याच काही दोस्तांशी भांडण आहे. ते म्हणतात, कारखानदारी हा शेटजींचा धंदा. आपला लढा अस्मितेचा आणि राखीव जागांचा. अर्थशास्त्र घेऊन काय करायचंय? अरे, ज्यांच्या फोटोला हार घालता त्यांनी पहिली हत्यारं अर्थशास्त्राचीच उचलली. 1918 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. मोठमोठे विद्वान म्हणत होते, तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबा म्हणाले, खरं दुखणं तुकड्याचं नाही. जमिनीवर माणसं फार आणि त्यांना काम नाही. रिकामा हात खातो, पण पिकवत नाही. हे हात जमिनीवरून उठले पाहिजेत, म्हणजेच उद्योगधंदे वाढले पाहिजेत. शेतीच्या रोगाचं औषध त्यांनी कारखान्यात दाखवलं.

शंभरावर वर्षं झाली. औषध दिलं का? केंद्र सरकारचीच 2023-24 ची श्रमबल पाहणी बघा. देशातल्या 100 कामकऱ्यांपैकी 46 अजून शेतीवर आहेत, आणि कारखानदारीत 12 सुद्धा नाहीत. देशाच्या उत्पन्नातल्या 100 रुपयांत शेतीचे जेमतेम 18. शेचाळीस माणसांनी अठरा रुपये वाटून घ्यायचे, त्यातही जमीनवाल्यानं आधी आणि मजुरानं मागून! 2011 च्या धोरणात सरकारनं लिहिलं होतं की 2022 पर्यंत कारखानदारीचा वाटा 25 टक्क्यांवर नेऊ, 10 कोटी नवे रोजगार देऊ. 2014 ला त्यावर सिंहाचं चित्र छापून 'मेक इन इंडिया' आलं. 2022 येऊन गेलं. वाटा 25 च्या जवळपासही फिरकला नाही. 2018 साली नीती आयोगानं मागास जिल्ह्यांची यादी केली आणि त्यांना गोंडस नाव दिलं, आकांक्षित. त्यात आपला उस्मानाबाद, आताचा धाराशिव, होताच. आकांक्षा घेऊन आपली माणसं दसरा सरला की कोयता उचलतात आणि ऊसतोडीला निघतात.

म्हणून सांगतो, कारखाना हा आपला प्रश्न आहे. ज्याच्याकडं रान आहे तो वाट बघू शकतो. ज्याला गावगाड्यानं मेलेली ढोरं आणि शिळी भाकर दिली, त्यानं कशाच्या जिवावर वाट बघायची?

पण थांबा. यंत्र आलं की जात पळते, हे पुस्तकी समाजवाद्यांचं भाबडं गाणंही आपण ऐकून झालंय. आपली माणसं गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेली. तिथं साचेखात्यात पगार जास्त होता आणि त्याच खात्याचं दार आपल्याला बंद. कारण? तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे. महाराचं तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला विटाळ! यंत्र मँचेस्टरचं आणि विटाळ मनूचा. 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना विचारला, तेव्हा त्यांना संपफोडे म्हणणारे निघाले. 1938 साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं त्यांनी सरळ सांगितलं, कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्यातल्या अर्ध्यांना पहिलाच दिसतो, कम्युनिस्टांना दुसराच दिसायचा.

आता या दोन डोळ्यांनी तेरखेड्याकडं बघा.

फटाक्याला कोरडी हवा लागते आणि स्वस्त हात लागतो. पाऊस पाठ फिरवणाऱ्या या मुलखात दोन्ही फुकट मिळतात. सोरा, गंधक, कोळसा कालवायचा. अल्युमिनियमची पूड मिसळायची. नळ्या भरायच्या, वात बसवायची, सुतळी गुंडाळायची. एक ठिणगी, एक घासणं, की खोली जाते. म्हणून कायदा म्हणतो, खोल्यांत अंतर ठेवा, एका खोलीत माल थोडा ठेवा, माणसं मोजकी ठेवा. एका वेळी 15 किलोपर्यंतच्या कामाचा परवाना जिल्हाधिकारी देतात. त्यापुढं केंद्राचं स्फोटकं खातं, आणि त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात. एवढा कायदा असूनही तेरखेड्यातून स्फोटाच्या बातम्या एकापेक्षा जास्त वेळा आल्या. बातमीत मजूर हा आकडा असतो. दोन दिवस चौकशीचे आदेश, मग पुढची दिवाळी.

शिवकाशीचं नाव अभिमानानं घेता ना? मग तिचा पुरा इतिहास घ्या. तिथल्या नाडारांना देवळाच्या दारात उभं करत नव्हते. 1899 साली शिवकाशीत त्यांची घरं जाळली. त्याच समाजातले दोन तरुण 1923 साली कलकत्त्याला जाऊन काडेपेटी करायला शिकून आले आणि त्यातून पुढं फटाक्यांची सारी नगरी उभी राहिली. तुडवलेली जात कारखान्याची मालक होऊ शकते, हे त्यांनी दाखवलं. त्याला आपला सलाम! पण 5 सप्टेंबर 2012 ला त्याच शिवकाशीजवळ मुदलिपट्टीत एका कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीसच्या आसपास माणसं गेली. मालकाची जात बदलली म्हणून दारूत हात घालणाऱ्याचं नशीब आपोआप बदलत नाही. आपल्यातून चार उद्योजक निघावेत, जरूर निघावेत. पण चार मालकांचे सत्कार म्हणजे चार हजार मजुरांची मुक्ती नव्हे.

एक शहाणा म्हणतो, हे कारखाने बंद करा, धूर होतो. दुसरा म्हणतो, चालू द्या, पोटं भरतात. दोघांनाही विचारा, मजुराचं काय? बंद केलात तर त्याच्या हातात परत कोयता. आहे तसंच चालू ठेवलंत तर हातच जाण्याची भीती. जगायचं असेल तर मरायची तयारी ठेव, हा रोजगार नाही, हे नवं बलुतं आहे.

आणि रोजगार वाढवायचा यांचा नवा मंत्र ऐका. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली आठवड्याचे 54 तास 48 वर आणणारा कायदा त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडला. त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 कायम, असं सांगतात. ज्या मजुराचं नावच हजेरीपटावर नाही, त्याचा आठवडा कोण मोजणार? एकाकडून बारा तास घेतले तर दुसऱ्याच्या हाताला काम कुठून येणार?

तेव्हा कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीची वही आहे तशी दुसरी वही करा. गावागावांत जा आणि लिहा: दारूच्या खोलीत कोण बसतं, हिशेबाच्या टेबलाशी कोण? मजुरी रोजावर की नगावर? हजेरीपट आहे का? विमा, भविष्यनिर्वाह निधी आहे का? परवाना किती किलोचा आणि खोलीत माल किती? ही वही घेऊन तहसीलवर, कारखाना निरीक्षकाकडं, जिल्हाधिकाऱ्याकडं जा. आणि त्याच मोर्च्यात दुसरी मागणी करा: आमच्या जिल्ह्यात बारमाही कारखाने आणा. मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, असं 1947 साली बाबांनी 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये लिहून ठेवलंय. ते वाचा आणि मागा.

विकास किती टक्के झाला, हे ते सांगतील. कुणाच्या जिवावर झाला, हे आपण विचारायचं.

जयभीम!