यंत्रांची बोली शिका



आपली मुले आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करून कारखान्यात, वीज उपकेंद्रात जातात. तेथे मीटर एका कंपनीचा, रिले दुसरीचा, संगणक तिसरीचा. ही यंत्रे एकमेकांशी बोलणार कशी? त्यासाठी सर्वांना खुली अशी सामाईक बोली लागते.

अमेरिकेच्या मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली ‘मॉडबस’ काढली. आज तिचे नियम कोणालाही फुकट वाचता येतात. तारेवरचा निरोप साधा असतो. आधी यंत्राचा नंबर, मग कामाचा आकडा (३ म्हणजे ‘नोंद वाचून सांग’), मग माहिती आणि शेवटी चूक पकडणारा आकडा. उपकेंद्रांसाठी ‘आयईसी ६१८५०’ आहे. त्यात रिले कोणत्याही कंपनीचा असो, ब्रेकरची माहिती ‘एक्ससीबीआर’ याच नावाखाली सापडते.

एकाच कंपनीची बटणे शिकलेला मुलगा त्याच कंपनीच्या दाराशी बांधला जातो. बोली शिकलेली मुलगी कोठेही ताठ उभी राहते. म्हणून क्लासची फी भरण्यापूर्वी एवढेच विचारा : दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रे जोडून त्यांचे निरोप वाचायला शिकवणार का? नुसते सर्टिफिकेटच देणार असतील, तर कष्टाचा पैसा घरीच ठेवा.