कर्मवीरांच्या नावाने फेलोशिप नाकारू नका



‘पीएच.डी.वाल्यांना फेलोशिप कशाला? कर्मवीर भाऊराव पाटलांचे कमवा आणि शिका पुरे,’ अशा आशयाचे वाचकपत्र वाचले. पण फेलोशिप घेणाऱ्याला दुसरी पगारी नोकरी करता येत नाही, ही अट पत्रलेखक विसरले. कमवायला बंदी आणि फेलोशिपचे हप्ते थकलेले, मग शिकायचे कसे? शिवाय साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांना जेवण मिळावे म्हणून खुद्द कर्मवीरांनी दारोदार मदत मागितली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हेही स्वावलंबनाच्याच इतिहासात आहे.

साताऱ्याचाच आणखी एक दाखला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालेले भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. बदल्यात दहा वर्षे संस्थानच्या नोकरीचा करार होता. ती खिरापत नव्हती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तिथली डी.एस्सी. मिळायला १९२३ उजाडले.

संशोधनाचा दर्जा तपासावा, हे पत्रलेखकाचे म्हणणे मान्य. सहामाही प्रगती पाहा, काम नसेल तर पैसे थांबवा. मात्र काम करणाऱ्याला सारथी, बार्टी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांनी महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावेत. जत-आटपाडी किंवा माण-खटावच्या शेतकरी घरातून आलेला संशोधक उधारीवर किती दिवस काढणार?

– एक संशोधक विद्यार्थिनी, तासगाव (जि. सांगली)