पारा कुणी मोजला?

आज ६ जानेवारी, पत्रकार दिन. १८३२ मध्ये याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. त्याची आठवण म्हणून आज गावोगावी पत्रकारांचे सत्कार होतील, शाल-श्रीफळ दिले जाईल आणि ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ हे शब्द प्रत्येक भाषणात एकदा तरी येतील. पिंपळगाव बसवंतलाही ते होईल. होऊ दे. पण ज्यांच्या नावाने हा दिवस साजरा होतो ते बाळशास्त्री पेशाने शिक्षक होते, याची आठवण या समारंभांत सहसा कुणी काढत नाही. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकवत. मुलांसाठी त्यांनी व्याकरणाची, गणिताची पुस्तके लिहिली. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय मराठीत मांडायला घेतले. बातमी आणि धडा यांच्यात त्यांनी भिंत घातली नव्हती. आमच्या शाळांतही वर्तमानपत्र येते. परिपाठात एक मुलगी ‘आजच्या ठळक बातम्या’ मोठ्याने वाचते, मग पेपर घडी घालून कपाटावर जातो.

जानेवारीत त्या ठळक बातम्यांत एक बातमी ठरलेली असते: निफाडचा पारा घसरला. आकडा असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. तो पाच अंशांच्या खाली गेला की राज्यभर मथळा होतो आणि पानांवर गोठलेल्या दवाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. त्यातला कोणता आजचा आणि कोणता दोन हिवाळ्यांपूर्वीचा, हे फोटो सांगत नाही. इकडे द्राक्षबागेत मण्यांत पाणी उतरत असते. थंडीने मणी तडकले तर वर्षभराचा खर्च तिथेच जिरतो, म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू करतो. एका आकड्यावर माणसांची झोप आणि पैसा खर्च होत असतो. मग परिपाठात तो आकडा वाचणाऱ्या मुलीने विचारायला नको का, की हा पारा कुणी मोजला? कुठे ठेवून मोजला? आणि त्याच पहाटे आमच्या मळ्यात तो किती होता?

हा प्रश्न विचारला की नुसते वाचून भागत नाही, काहीतरी बनवावे लागते. बाजारातून तापमापक आणून शाळेच्या भिंतीला टांगला तर तो चुकीचे सांगेल, कारण दिवसभर तापलेली वीट रात्रभर ऊब सोडत राहते. उघड्या आभाळाखाली ठेवला तर रात्री वेगळे सांगेल, उन्हात आणखी वेगळे. म्हणूनच हवामान केंद्रात तापमापक पांढऱ्या, तिरक्या पट्ट्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, उत्तरेला दार ठेवून बसवतात. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याने रचली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई त्याचाच मुलगा. (एवढे सांगितले की वर्गाला स्टीव्हन्सन लक्षात राहतो.) आठवी-नववीच्या मुलांना ही पेटी बनवता येते. पहिली बहुधा पत्र्याची होईल आणि आत भट्टी पेटल्यासारखी तापेल. मग फळ्या येतील, पण फटी सरळ राहतील आणि ऊन आत शिरेल. पट्ट्या तिरक्या का असतात, हे तेव्हा कळते. त्यानंतर एक पेटी शाळेत, एक नाल्याकाठच्या खोलगट मळ्यात आणि एक उंचवट्यावरच्या बागेत ठेवावी. शांत रात्री थंड हवा खोलगट जागी जाऊन बसते, त्यामुळे तिन्ही आकडे वेगळे येण्याची शक्यता मोठी. मोबाइलवरचे ॲप चौथा आकडा दाखवेल, कारण तो तिथे कुणी मोजलेला नसून गणिताने काढलेला असतो. कुंदेवाडीचा आकडा खोटा नाही. तो कुंदेवाडीचा आहे, एवढेच. हे ज्या वर्गाने हाताने शोधले त्याला माध्यम साक्षरतेवर वेगळे व्याख्यान द्यायची गरज उरत नाही. बातमी पडताळणे आणि कल्पनेचा कच्चा नमुना करून पाहणे ही दोन कौशल्ये शिक्षणाच्या कागदपत्रांत निरनिराळ्या पानांवर असतात. आमच्या मते ते एकच कौशल्य आहे: म्हणणे बाजूला ठेवायचे आणि वस्तूला विचारायचे.

अभ्यासक्रमात हे काहीच नाही असे नाही. बालभारतीच्या दहावीच्या इतिहासात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा धडा आहे. माध्यमांतून येणारी माहिती चिकित्सकपणे घ्यावी, असे तो सांगतो आणि उदाहरणही चांगले देतो. ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून विकत घेतलेल्या आणि गाजवलेल्या रोजनिश्या नंतर बनावट निघाल्या, ती १९८३ सालची गोष्ट. धडा उत्तम. पण मुलांपर्यंत तो पोहोचतो तो ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नातून आणि त्याचे उत्तर गाइडमध्ये मुद्द्यांसह तयार असते. माहिती तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हे वाक्य मुले न तपासता पाठ करतात आणि गुण मिळवतात. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत तर याहून गमतीचा प्रकार आहे. उपयोजित लेखनात बातमी तयार करायची असते. शाळेत वृक्षारोपण झाले, विज्ञान दिन झाला, वगैरे. न झालेल्या कार्यक्रमाला तारीख द्यायची, न आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी न केलेले भाषण घालायचे, मथळा आकर्षक ठेवायचा. गुण मांडणीला असतात. सोळा वर्षांच्या मुलाला घडलेच नाही ते घडल्यासारखे सफाईने लिहायला आपण शिकवतो आणि पुढे त्याने तेच मोबाइलवर केले की कपाळावर आठ्या घालतो.

आठ्या घालण्याइतके ते हलके राहिलेले नाही. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठेचून मारले. आठवडे बाजाराचा दिवस होता. मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्याच रात्री आपल्या जिल्ह्यात, मालेगावात, तसाच जमाव एका कुटुंबावर चालून गेला. तिथे पोलीस वेळेत पोहोचले म्हणून जीव वाचले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. मोटारसायकलवरून मूल उचलणारे तिच्यात शेवटी मूल परत आणून सोडतात आणि मुले सांभाळा असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. शिक्षकाला याहून चांगले साहित्य कुठे मिळणार? कुठलीही चित्रफीत वर्गात लावावी, शेवटचे दहा सेकंद कापून, आणि मुलांनाच दुसरी फीत तशी कापायला सांगावी. ज्याने स्वतः अर्थ उलटा करून पाहिला तो पुढच्या वेळी ‘पुढे काय होते?’ हे विचारतो. केरळात कन्नूरच्या जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले होते. त्यामागे गोवर-रुबेला लसीबद्दलच्या अफवांचा अनुभव होता. अशाच अफवा महाराष्ट्रातही फिरल्या. वर्ग मात्र तिथेच झाले.

पिंपळगावला अफवेची झळ खिशातूनही माहीत आहे. मे २०२०, टाळेबंदी चालू. पुणे, नगर, नाशिक पट्ट्यात टोमॅटोवर विषाणूजन्य रोग आला, फळे रंगाला एकसारखी येईनात, शेतकरी त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. वाहिन्यांवर त्याची बातमी आली ती टोमॅटो खाणाऱ्याच्या जिवाला धोका असल्याच्या सुरात, कोरोनाच्या जोडीला बसवून. वनस्पतींवरचे असे विषाणू माणसाला बाधत नाहीत, हे कुणाही कृषी शास्त्रज्ञाने दोन मिनिटांत सांगितले असते. विचारायला वेळ नव्हता, दाखवायला होता. त्याआधी काही आठवडे कोंबडीचे असेच झाले होते. चिकनमधून कोरोना होतो या संदेशाने पोल्ट्रीवाल्यांचे पक्षी मातीमोल झाले. ज्या घरांनी हे सोसले त्याच घरांतली मुले आज माध्यमिक शाळेत बसलेली आहेत. त्यांना उदाहरण हिटलरच्या रोजनिश्यांचे कशाला शोधायचे?

आणि रोजची शाळा तर बाजार समितीच्या आवारात भरते. टोमॅटोचा हंगाम लागला की वीस किलोच्या क्रेटांच्या गाड्यांनी महामार्गापर्यंत रांग लागते. संध्याकाळी दर येतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. मथळा कमालचा होतो. तो भाव एखाद्याच वक्कलाला मिळालेला असतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी मुहूर्ताचा म्हणून चढा भाव पुकारतात, हार घालून फोटो काढतात आणि ‘विक्रमी दर’ छापून येतो. शहरातला ग्राहक तो वाचून शेतकरी गब्बर झाला म्हणतो, शेतकरी तो वाचून माल दोन दिवस थांबवतो. किमान आणि सर्वसाधारण यांच्यातले अंतर, कोणत्या दराने किती क्रेट गेले, आदल्या आठवड्यात काय होते, एवढे जरी दहावीच्या वर्गाने फळ्यावर मांडले तर संख्याशास्त्राचा धडा आणि बातमीचा धडा एका तासात होतो. औषधांच्या बाटल्यांवरही तसाच धडा चिकटवलेला असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण विषारीपणाची पायरी सांगतात, आणि फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये तेही लेबलावर असते. जाहिरातीत घड दुप्पट झालेला दिसतो, लेबलावर तसे लिहिलेले नसते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपने आपली द्राक्षे अडवली तेव्हा बारीक अक्षरांची किंमत या तालुक्याने मोजली आहे.

हाताने करून शिकण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी, आहार-आरोग्य अशी कामे करत. शिकवायला गावातलेच कारागीर असत आणि केलेले काम गावाच्या उपयोगाचे असावे लागे. गावाने ते वापरले तरच ते जमले, अशी ती परीक्षा. पुढे एमआयटीच्या साहाय्याने सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक याच पाबळला झाली. आमची विज्ञान प्रदर्शने मात्र अजून थर्माकोलच्या ज्वालामुखीभोवती फिरतात. मॉडेल वडील करतात किंवा दुकानातून येते, परीक्षक पुढच्या टेबलाकडे जाईपर्यंत चालते, आणि संध्याकाळी कचऱ्यात जाते.

पैसा अजिबात नाही असेही म्हणता येत नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी २०१६ पासून शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते आणि केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा आणखी पन्नास हजार प्रयोगशाळा करण्याची घोषणा झाली. ‘इन्स्पायर-मानक’मध्ये निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यावर दहा हजार रुपये येतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आहेत, सुतार-कुंभारांकडे जाऊन शिकण्यासाठी. पिंपळगावात हे दिवस फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये जावेत. ब्लोअर, ट्रॉली, कांद्याची प्रतवारी करणारी जाळी हे सगळे तिथे आधी वेडेवाकडे होते, शेतात मोडते, परत येते आणि मग सुधारते. न चालणारा नमुना ही तिथे नामुष्की नसते, दुसऱ्या दिवशीचे काम असते. कांदा चाळीत सड कुठे सुरू झाली हे वासाने कळायच्या आधी उष्णतेने किंवा ओलाव्याने कळेल का, हा प्रश्न नववीच्या मुलांनी घ्यावा. एका चाळीत, चार ठिकाणी, एका उन्हाळ्यात. नाही जमले तर का जमले नाही ते लिहावे आणि त्या लिहिण्याला गुण द्यावेत.

शिक्षकांची अडचण खरी आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोज भरायची ऑनलाइन माहिती यांतून उरलेल्या वेळात त्यांनी पहाटे पारा वाचायला यावे, हे सांगणे सोपे आहे. दुसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. पडताळायला शिकलेली मुले फक्त परदेशी अफवा पडताळून थांबणार नाहीत. ती गावातल्या क्लासच्या ‘शंभर टक्के निकाल’ या फलकाचा हिशेब मागतील, पुढाऱ्याने उद्घाटन केलेल्या रस्त्याची लांबी मोजतील आणि आमच्या अंकातल्या बातमीवर पत्र पाठवतील. ते पत्र छापायची तयारी ज्या संपादकाची नाही त्याने शाळेत जाऊन माध्यम साक्षरतेवर बोलू नये.

मंडळ, धोरण, अनुदान यांची वाट न पाहता एवढे होऊ शकते: भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळेच्याच हाती आहेत. या सहामाहीत पिंपळगावातल्या एखाद्या शाळेने त्यांतले काही घडलेल्या बातमीसाठी राखून ठेवावेत. मुलाने जाऊन पाहिलेली, निदान दोघांशी बोलून लिहिलेली, आकडा असल्यास तो कुठून आला ते सांगणारी बातमी. पेटी बसवली तर रोजचे किमान तापमान शाळेच्या नावाने आमच्याकडे पाठवावे. हंगाम संपेपर्यंत कुंदेवाडीच्या आकड्याशेजारी ते छापायला आम्ही जागा देऊ.