आजोबांची झारी

जुहूच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या ८२ वर्षांच्या सासऱ्यांना नातवाने हिमाचलातून क्रॅबॲपलचे, म्हणजे लहान फळांच्या रानसफरचंदाचे, कोवळे बोन्साय आणून दिले. आजोबांना अलीकडे विस्मरण होते. पाणी घातल्याचे ध्यानात राहत नाही आणि दिवसातून चार-पाच वेळा झारी रिकामी होते. पानांच्या कडा करपू लागल्या आहेत. ‘झारी त्यांच्याकडून काढून घ्यावी काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

काढून घेऊ नये. सकाळी उठून आपल्या हातून काही व्हावे असे ज्यांच्या आयुष्यात थोडेच उरले आहे, त्यांचे तेवढेही नेणे झाडाच्या मरणाहून वाईट.

तरीही झाडाचे दुखणे समजून घ्यावयास हवे. पाणी कमी पडले तरी कडा करपतात आणि अति झाले तरी करपतात. सतत चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात व पाणी शोषेनाशी होतात. वर पान तहानलेले दिसते, म्हणून आणखी पाणी घातले जाते. पाणी घालणे शिकावयास तीन वर्षे लागतात, असे जपानी बोन्सायकार म्हणतात ते उगीच नव्हे. क्रॅबॲपलला उन्हाळ्यात पाणी भरपूर लागते. उथळ कुंडी पूर्ण सुकली तर कोवळे झाड एका दुपारीही दगावते. मात्र वरची माती सुकू लागल्यावरच पाणी द्यावे आणि ते तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत द्यावे. बांबूची एक काडी मातीत खोचून ठेवावी. उपसल्यावर ती ओली व काळपट दिसली तर थांबावे. ही काडी पाहण्याचे काम आजोबांना आवडेल.

सोय अशी करावी. रोज सकाळी सुनेने काडी पाहून, गरज असेल तेवढेच पाणी एका लहान बाटलीत भरून ठेवावे. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचे पाणी झाले. भरलेली झारी संधिवाताच्या मनगटाला जडही होते. दुपारी पुन्हा उत्साह आला तर हाती फवारणीची बाटली द्यावी. त्याने माती फारशी भिजत नाही आणि समुद्राच्या वाऱ्याने पानांवर बसलेला खारही धुऊन निघतो. जुहूत तो बसतोच. कीटकनाशक मात्र अशाच दिसणाऱ्या बाटलीत कदापि ठेवू नये, कुलपात ठेवावे.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो व साधारण आठवड्याभरात अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटल्या घासून कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवली की पाणी निथळते. बाल्कनीच्या ओल्या लादीवर पाय घसरणे हा या छंदातील सर्वांत मोठा धोका आहे. कुंडी कमरेच्या उंचीवर, शेजारी खुर्ची, पायांत न घसरणाऱ्या चपला.

एवढे करूनही हे झाड जुहूत फार काळ रमेल असे वाटत नाही. क्रॅबॲपलला हिवाळ्यात शेकडो तास सात अंशांखालची थंडी लागते, तेव्हा कोठे ते नीट झोपते व वसंतात फुलते. मुंबईचा जानेवारी त्याच्या दृष्टीने थंडी नव्हेच. हिमाचलातील बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही सफरचंदाची जात उष्ण प्रदेशातही फळते, हे खरे. पण ते निराळे झाड. नातू पुन्हा हिमाचलास जाणार असेल तर त्याच्यासोबत ते परत पाठवावे आणि आजोबांना तसे स्पष्ट सांगावे. गुपचूप कुंडी बदलण्याची लबाडी नको. विसरणाऱ्या माणसालाही ती जाणवते.

त्याआधी दुसरे झाड हाताशी असावे. पावसाळ्यात इमारतींच्या भिंतींत वड, पिंपळ, उंबर आपोआप उगवतात. घरातील धडधाकट माणसाने सहज हाताशी येणारे एखादे रोप मुळांसह सोडवून आणावे. वडाला खारी हवा व अधिक पाणी दोन्ही बरेच सोसते. छाटताना चीक निघतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि तो हात डोळ्यांना लावू नये.